नाताळच्या सुट्टीतील कमी कर्बोदकांच्या कुकीज : आजोबांसह सगळ्या घरासाठी एकच ताट

पोळपाट (एडिसन, न्यू जर्सी) | ३० नोव्हेंबर

नमस्कार. माझे सासू-सासरे ऑक्टोबरपासून आमच्याकडे आले आहेत आणि फेब्रुवारीपर्यंत राहणार आहेत. सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, १४ वर्षांपासून टाईप २ मधुमेह आहे. या दिवाळीत मी त्यांच्यासाठी दुकानातून ‘शुगर-फ्री’ बिस्किटांचा एक डबा आणून वेगळा ठेवला होता. फराळाच्या वेळी ते आपला डबा घेऊन निमूटपणे बाजूच्या खुर्चीवर बसले, आणि माझ्या १२ वर्षांच्या मुलीने मला विचारले, “आजोबांचं ताट वेगळं का?” त्या रात्री मी डब्यावरची बारीक अक्षरे वाचली, तेव्हा पहिला घटक मैदा आणि दुसरा माल्टिटॉल, म्हणजे साखरेऐवजी वापरला जाणारा एक गोडवा, असल्याचे कळले. माल्टिटॉलने रक्तातील साखर साध्या साखरेपेक्षा कमी वाढते, पण वाढते. मैद्याबद्दल तर बोलायलाच नको. थोडक्यात, पंगतीतून उठवून मी त्यांना जे दिले, तेही त्यांच्या उपयोगाचे नव्हते.

इथे डिसेंबरमध्ये शेजारी, शाळेतील पालक आणि कचेरीतील सहकारी घरी भाजलेल्या कुकीज डब्यांतून एकमेकांना देतात. ओट्यावर पीठ पसरून तारे आणि झाडे कापण्याच्या दिवसांची माझी दोन्ही मुले वर्षभर वाट पाहतात. यंदा घरात एकच प्रकार करायचा, आणि तो बाबांना चालेल असाच करायचा, असे आम्ही ठरवले. चार प्रयत्नांनंतर जमलेली कृती इथे देत आहे, आणि दोन अडचणींवर आपला सल्लाही हवा आहे.

२५० ग्रॅम सोललेल्या बदामांचे बारीक पीठ, २० ग्रॅम नारळाचे पीठ, ८० ग्रॅम दळलेले एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी वापरायचा गोडवा), पाव चमचा मीठ आणि अर्धा चमचा झँथन गम (पीठ बांधून ठेवणारी पूड) कोरडेच एकत्र केले. त्यात ८५ ग्रॅम मऊ लोणी, एक अंडे आणि एक चमचा व्हॅनिला अर्क घालून गोळा केला व तो तासभर फ्रिजमध्ये ठेवला. बदामाच्या पिठात ग्लुटेन नसल्यामुळे हा गोळा ताणला जात नाही, लगेच फाटतो. म्हणून तो दोन बटर पेपरच्या मध्ये ठेवून अर्धा सेंटीमीटर जाडीचा लाटावा लागतो. आकार कापल्यावर ट्रे १५ मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवला, तरच ताऱ्यांची टोके शाबूत राहतात. बदाम मैद्यापेक्षा लवकर करपतो, त्यामुळे ओव्हन १८० ऐवजी १६५ अंश सेल्सियसवर ठेवावा. ११ ते १३ मिनिटांत कडा सोनेरी होतात, पण मधला भाग त्या वेळी बोटाला मऊ लागतो. पहिल्या दोन्ही वेळा तो कच्चा राहिला असे समजून मी कुकीज पुन्हा आत ढकलल्या आणि त्या करपल्या. त्या मऊ असतानाच बाहेर काढून अर्धा तास ट्रेवरून न हलवता निवू द्याव्यात. खुसखुशीतपणा निवतानाच येतो.

मुलीने हिशेबाची वही घातली आहे. पिशव्यांवरील आकड्यांनुसार सगळ्या मिश्रणात तंतू आणि एरिथ्रिटॉल वजा करता साधारण ३१ ग्रॅम कर्बोदके येतात, आणि ३६ कुकीज होतात. म्हणजे एका कुकीत १ ग्रॅमहून थोडे कमी. याच मापाच्या कुकीज २५० ग्रॅम मैदा आणि १५० ग्रॅम साखर घालून केल्या असत्या, तर प्रत्येकीत ९ ग्रॅमहून अधिक कर्बोदके आली असती. उष्मांक मात्र दोन्हींत जवळजवळ सारखेच, एका कुकीला साठ-पासष्ट कॅलरी. हे मुद्दाम सांगते, कारण ‘लो-कार्ब’ हा शब्द ऐकून वजनाची काळजी मिटली असे आमच्या घरातही काही जणांना वाटले होते.

आता अडचणी. पहिली अशी की कुकी खाल्ल्यावर जिभेवर पुदिन्यासारखा गारवा राहतो आणि तो मुलांना आवडत नाही. दुसरी अशी की सासूबाई अंडे खात नाहीत, त्यामुळे ‘एकच ताट’ अजून पूर्ण झालेले नाही.

साणशी (सोलापूर) | ३० नोव्हेंबर

ताई, धागा फार मनापासून लिहिला आहे. एक सुचवते. इतके परदेशी घटक आणण्यापेक्षा नाचणीचे पीठ आणि सेंद्रिय गूळ का वापरू नये? आमच्याकडे मधुमेही माणसांना आम्ही नाचणीचीच बिस्किटे देतो. ती पौष्टिकही असतात.

मोजमाप (पुणे) | १ डिसेंबर

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि साणशी ताईंचा प्रश्न मला जवळजवळ रोज विचारला जातो, म्हणून सविस्तर लिहिते. नाचणी उत्तम धान्य आहे. तिच्यातील कॅल्शियम इतर धान्यांपेक्षा कितीतरी अधिक आहे आणि मैद्यापेक्षा ती केव्हाही बरी. परंतु ती कमी कर्बोदकांची नाही; १०० ग्रॅम नाचणीच्या पिठात सुमारे ७० ग्रॅम कर्बोदके असतात. ज्वारी आणि बाजरी याच्याच आसपास आहेत. बेसनात ती ५८ ग्रॅमच्या जवळ असून त्यातील ११ ग्रॅम तंतू असतात, म्हणून बेसन थोडे उजवे ठरते, इतकेच. बदामाच्या पिठात एकूण २१ ग्रॅम, आणि त्यातील निम्म्याहून थोडे अधिक तंतूच असतात. गुळाचे म्हणाल, तर त्यात लोह आणि खनिजे अल्प प्रमाणात असली तरी बाकी बहुतेक सगळी साखरच आहे. सेंद्रिय गूळ, खजूर किंवा मध यांना स्वादुपिंड निराळी वागणूक देत नाही. ‘पौष्टिक’ आणि ‘मधुमेहाला चालणारे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि ते एक समजल्यामुळे अनेक घरांत प्रेमापोटीच साखर वाढते.

आता गारव्याबद्दल. एरिथ्रिटॉल लाळेत विरघळताना तोंडातील उष्णता शोषून घेते, त्यामुळे हा गारवा जाणवतो. दाणे जितके जाड, तितका तो अधिक खटकतो. म्हणून मिक्सरमध्ये अगदी पिठीसाखरेसारखे दळून घ्यावे आणि झाकण उघडण्यापूर्वी धूळ खाली बसू द्यावी, नाहीतर ती नाकातोंडात जाते. सुंठ, दालचिनी आणि जायफळ या उष्ण चवींनी गारवा बराच झाकला जातो. व्हॅनिला त्याला मुळीच झाकत नाही.

एक गोष्ट मात्र काळजीने विचारते. आपल्या सासऱ्यांना हृदयविकाराचा काही त्रास आहे का? क्लीव्हलँड क्लिनिकमधील संशोधकांनी २०२३ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉलचे प्रमाण अधिक होते, त्यांच्यात पुढील तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचे प्रमाण अधिक आढळले. आपले शरीर स्वतःही थोडे एरिथ्रिटॉल तयार करते, त्यामुळे या संबंधावरून ‘एरिथ्रिटॉल खाल्ल्यामुळेच झटका आला’ असे म्हणता येत नाही. पण त्याच संशोधनात काही निरोगी व्यक्तींना ३० ग्रॅम एरिथ्रिटॉल असलेले पेय दिले, तेव्हा रक्तातील प्रमाण दोन दिवसांहून अधिक काळ चढे राहिले. आपल्या एका कुकीत ते सव्वादोन ग्रॅमच्या आसपास येते, म्हणजे ३० ग्रॅम व्हायला तेरा-चौदा कुकीज लागतील. निरोगी माणसाने सणाला दोन-तीन खाल्ल्या, तर मी अडवणार नाही. हृदयरोग असलेल्या माणसाच्या बाबतीत मी अधिक सावध राहीन.

औषधांचेही सांगून ठेवते. एका कुकीने फारसे बिघडत नाही, पण उत्साहाच्या भरात पोळी-भातही एकदम कमी केला आणि इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड पूर्वीच्याच मात्रेत चालू ठेवले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. एम्पाग्लिफ्लोझिन आणि डापाग्लिफ्लोझिन या गटातील औषधे घेणाऱ्यांनी तर कर्बोदके फार कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे, कारण त्यांच्यात साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साचण्याचा धोकादायक विकार, होऊ शकतो, आणि मीटरवरचा आकडा बरा दिसल्यामुळे तो लवकर लक्षातही येत नाही.

साणशी (सोलापूर) | १ डिसेंबर

मोजमाप ताई, आपण समजावून सांगितले, हे बरे झाले. माझ्या वडिलांना मी गेली तीन वर्षे गुळाची नाचणी बिस्किटे बिनधास्त देत होते. आज त्यांच्याशी बोलले. मात्र बदामाचे पीठ आमच्यासारख्या घराला सणापुरतेही महाग पडते. शेंगदाण्याचे कूट चालेल का?

मोजमाप (पुणे) | १ डिसेंबर

अवश्य चालेल. कर्बोदकांच्या बाबतीत शेंगदाणा बदामाच्या अगदी जवळचा आहे. दाणे मंद आचेवर भाजून, साले पाखडून, पूर्ण गार झाल्यावर मिक्सर थांबवत थांबवत फिरवावा. सलग फिरवला तर तेल सुटून लगदा होतो. घरी बदामाचे पीठ करतानाही हाच नियम लागू आहे. सोललेले बदाम कडकडीत वाळवून तासभर फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि मगच दळावेत.

नेकारकाठ (श्टुटगार्ट) | २ डिसेंबर

बदामाचे पीठ हा ‘डाएट’वाल्यांचा नवा शोध आहे, असा अनेकांचा समज असतो, म्हणून इथली एक गोष्ट सांगावीशी वाटते. जर्मनीतील आमच्या श्वाबेन भागात नाताळच्या आधीचे चार आठवडे घरोघरी बिस्किटे भाजली जातात, आणि त्यांत त्सिम्टश्टेर्ने, म्हणजे दालचिनीचे तारे, हवेतच. त्यांत परंपरेनेच गव्हाचे पीठ नसते. दळलेले बदाम, अंड्याचा पांढरा बलक, साखर आणि दालचिनी, एवढाच ऐवज. कमी कर्बोदकांसाठी त्यात केवळ साखर बदलावी लागते, बाकी कृती इथल्या आज्या करतात तशीच राहते. माझ्या घरी मी ३०० ग्रॅम बदाम, दोन अंड्यांचा पांढरा बलक, १२० ग्रॅम दळलेला गोडवा आणि दोन चमचे दालचिनी घेतो. फेटलेल्या बलकातील दोन चमचे बाजूला ठेवून, कापलेल्या ताऱ्यांवर ब्रशने लावतो आणि १४५ अंशांवर पंधरा मिनिटे ठेवतो. वरचा थर पांढराच राहिला पाहिजे, तो तांबूस झाला की तारा बिघडला. साखरेच्या थरासारखी चकाकी मात्र येत नाही, हे मान्य करतो. दालचिनी भरपूर असल्यामुळे गारवा जवळजवळ कळत नाही.

एक सूचना. इथे बर्च झाडाची साखर या नावाने झायलिटॉल सर्रास मिळते. घरात कुत्रा असेल, तर ते आणूच नये. कुत्र्यांना ते अगदी थोड्या प्रमाणातही विषारी ठरते, आणि मुलांच्या हातून कुकी खाली पडायला वेळ लागत नाही.

पोळपाट (एडिसन, न्यू जर्सी) | ४ डिसेंबर

सर्वांचे मनापासून आभार. मोजमाप ताई, आपला प्रश्न वाचून मी क्षणभर थांबले. बाबांची २०१९ मध्ये अँजिओप्लास्टी झाली आहे. धाग्यात हे लिहायचे मला सुचलेही नव्हते, कारण माझ्या मनात केवळ साखरेचाच हिशेब चालू होता. एरिथ्रिटॉलची पिशवी मी बंद करून ठेवली आहे. बाबांच्या डॉक्टरांशी फोनवर बोललो. त्यांनी औषधे तशीच ठेवून जेवणात मोठा बदल करू नका असे सांगितले आणि कुकीजना हरकत घेतली नाही.

आता अल्युलोज वापरत आहोत. हे अंजीर आणि मनुकांमध्ये निसर्गतःच अल्प प्रमाणात असते, साखरेच्या सुमारे ७० टक्के गोड असते आणि त्याचा गारवा लागत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये त्याला लेबलवरील ‘साखर’ या रकान्यातून वगळण्याची मुभा दिली, परंतु एकूण कर्बोदकांच्या रकान्यात ते अजूनही मोजले जाते. त्यामुळे पिशवीवरचा मोठा आकडा पाहून मुलगी गोंधळली होती. तिच्या वहीत आता त्यासाठी वेगळा रकाना आहे.

पण अल्युलोज साखरेसारखे, किंबहुना तिच्याहून लवकर, तांबूस होते आणि ओलावा धरून ठेवते. पहिली खेप १६५ अंशांवर ९ मिनिटांतच काळपट झाली, आणि निवल्यावरही मऊच राहिली. ताऱ्यांची टोके वाकली. धाकटा रडकुंडीला आला.

तेव्हा बाबा पहिल्यांदा स्वयंपाकघरात आले. ते म्हणाले, “तारे कशाला हवेत? नानकटाई करा.” मग त्यांनी मुलांना नाशिकची गोष्ट सांगितली. दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप आणि पिठीसाखर डब्यांत भरून ते बेकरीत नेत, भट्टीवाल्याला भाजणावळ देत आणि आपला ट्रे दुसऱ्याच्या ट्रेशी बदलू नये म्हणून भट्टीपाशी उभे राहत. मी १६ वर्षे या घरात आहे आणि ही गोष्ट मी प्रथमच ऐकत होते.

आम्ही लोण्याऐवजी तूप घेतले. लोण्यात पाणी असते, म्हणून ८५ ग्रॅम लोण्याच्या जागी ७० ग्रॅम तूप पुरते. ते वितळलेले न घेता थिजलेले घ्यावे, नाहीतर गोळा तेलकट होऊन ट्रेवर पसरतो. अंडे आणि झँथन गम दोन्ही काढून त्याऐवजी एक चमचा इसबगोल आणि दोन चमचे साय घातली, त्यामुळे सासूबाईंचाही प्रश्न सुटला. वेलदोडे बाबांनी खलबत्त्यात कुटले, जायफळ सासूबाईंनी किसले, धाकट्याने गोळे वळून अंगठ्याने दाबले आणि प्रत्येकावर एक पिस्ता बसवला. १५० अंशांवर १८ मिनिटे भाजल्या. वरून भेगा पडल्या, हे पाहून बाबांना फार आनंद झाला, कारण भेगेशिवाय नानकटाई होत नाही असे त्यांचे ठाम मत आहे.

दुपारी चार वाजता त्यांनी तीन खाल्ल्या. आधी साखर १३१ होती, दोन तासांनी १३८ भरली. चरबी आणि प्रथिनांमुळे परिणाम उशिराही दिसू शकतो, म्हणून तीन तासांनी पुन्हा पाहिली, ती १३४ होती. एका दिवसाच्या आकड्यांवरून मी कोणाला काही सांगणार नाही. ज्याने त्याने आपल्या मीटरवर पाहावे.

आबोली (म्हापसा) | ५ डिसेंबर

नानकटाईचे वाचून राहवले नाही. आमच्या शेजारच्या मावशी नाताळला कुस्वादाचे, म्हणजे सणाच्या गोड पदार्थांचे, ताट क्रोशाच्या रुमालाने झाकून पाठवतात आणि दिवाळीला आमच्याकडून फराळ जातो. त्या ताटातील बोलिन्हा, म्हणजे नारळाची बिस्किटे, रव्याची असतात. दोन वर्षांपूर्वी मावशींनाच मधुमेह निघाला, तेव्हा त्यांच्या ओट्यावर आम्ही दोघींनी मिळून रव्याऐवजी बदाम घालून पाहिले. १५० ग्रॅम सुके किसलेले खोबरे थोडे भरडून, १०० ग्रॅम बदामाचे पीठ, दोन पिवळे बलक व एक पांढरा, वेलची आणि गोडवा असे मिश्रण रात्रभर ठेवायचे. रव्याच्या कृतीतही ते रात्रभर ठेवतात. इथे खोबरे ओलावा शोषते आणि गोळा वळता येतो. चपटे करून वर काट्याने उभ्या-आडव्या रेघा ओढायच्या आणि १६० अंशांवर वीस मिनिटे भाजायचे. रव्याचा कुरकुरीतपणा येत नाही. मावशी म्हणाल्या की चव आपलीच आहे, दात मात्र वेगळं सांगतात.

साणशी (सोलापूर) | ७ डिसेंबर

शेंगदाण्याच्या कुटाची नानकटाई केली. इसबगोल आणि साय घालून, पोळपाट ताईंच्याच मापाने. गोडव्यासाठी इथे मिळणारी स्टीव्हियाची पूड वापरली. स्टीव्हिया फार थोडी लागत असल्याने पिठाचा आकार कमी झाला आणि मागून किंचित कडवटपणा आला. वडिलांनी चार खाल्ल्या आणि सुंठ वाढवायला सांगितली.

कुरकुर (व्हँकूव्हर) | ७ डिसेंबर

माझ्या मुलाला बदाम, शेंगदाणा आणि काजू यांची ॲलर्जी आहे. आम्ही सूर्यफुलाच्या बियांचे पीठ वापरले, पण कुकीज निवल्यावर आतून हिरव्या झाल्या. त्या टाकून दिल्या. पीठ खराब होते का?

मोजमाप (पुणे) | ८ डिसेंबर

पीठ चांगलेच होते. सूर्यफुलाच्या बियांतील क्लोरोजेनिक आम्लाची खाण्याच्या सोड्याशी अभिक्रिया होऊन हिरवा रंग येतो, आणि तो निरुपद्रवी असतो. सोडा वगळावा किंवा एक चमचा लिंबाचा रस घालावा. मुलाला हिरवी झाडेच हवी असतील, तर काहीच बदलू नये.

पोळपाट ताई, पुढच्या खेपेसाठी एक सांगते. लहान मुलांना साखर आणि धान्ये तोडायची काही गरज नसते, आणि अल्युलोज एकाच वेळी जास्त खाल्ले तर त्यांचे पोट बिघडू शकते. धाकट्याला दोनवर थांबवा.

पोळपाट (एडिसन, न्यू जर्सी) | १४ डिसेंबर

धाकटा दोनवर थांबत नाही, म्हणून डबा आता वरच्या फळीवर गेला आहे. काल शेजाऱ्यांच्या डब्यांत आमची नानकटाई गेली. प्रत्येक डब्यावर मुलीने ‘बदाम, पिस्ता आणि दूध आहे’ अशी चिठ्ठी लावली. कुरकुर ताईंचा प्रश्न वाचला नसता, तर हे मला सुचले नसते.

साठवणुकीबद्दल दोघांनी व्यक्तिगत निरोपात विचारले, त्याचे उत्तर इथेच देते. अल्युलोजच्या नानकटाया बाहेर तीन दिवसांनंतर मऊ पडतात. भाजण्यापूर्वी गोळ्याची सुरळी करून, बटर पेपरमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवली, तर ती महिनाभर टिकते आणि हव्या तेवढ्याच चकत्या कापून भाजता येतात. आमच्याकडे आता दोन सुरळ्या आहेत. एकीवर बाबांनी स्वतःच्या अक्षरात ‘जायफळ जास्त’ असे लिहून ठेवले आहे, आणि ती नाताळच्या सकाळी काढायची आहे.